तोंड आत

हमाझास्प काही भाविक माणूस नव्हता.
हे आधीच सांगतो, कारण इथे, समुद्राकडच्या या गावात,
पोरांना त्याच्या डोक्यामागे तेजोवलय लागतं.
प्रार्थनेत तो डुलक्या घ्यायचा.
लांबलचक स्तोत्र सुरू झालं की हनुवटी चिलखताच्या कड्यांवर टेकायची
आणि पाद्रीबाबा मुद्दाम खाकरायचे.

मग आनीला वेढा पडला.
एक हजार एक देवळांचं शहर, असं लोक म्हणतात.
मी पाथरवट, मी कधी मोजली नाहीत.
ग्रीक सुभेदार बालेकिल्ल्यात कडी लावून बसले
आणि उत्तरेचा तट याच्या गळ्यात पडला.
चाळीस तिरंदाज, तेलघाणीवरचे मजूर,
आणि आम्ही सहा टाकीवाले.

नवव्या दिवशी पहिलं भगदाड.
खाणीची वाट शत्रूच्या तंबूंमधून जात होती.
रात्री तो माझ्या अंगणात आला,
हातात शिरस्त्राण, शिरस्त्राणात जर्दाळू.
"वारपेत, दगड कुठे आहेत?"
म्हणालो, देवळांत.
त्यानं एक जर्दाळू खाल्लं. दुसरं खाल्लं.
"मग पहारी घ्या," म्हणाला.

त्या रात्रीपासून शहर राखायला आम्ही शहर सोलू लागलो.
स्तेपानोसच्या देवळाची ओसरी,
दरीकाठच्या प्रार्थनाघराची एक अख्खी भिंत,
जिच्यावर सकाळचं ऊन लाल पडायचं.
म्हातारी नुनुफार पायरीवर आडवी झाली:
खाली माझा नवरा आहे, आधी मला उचला.
तो तिच्या शेजारी बसला.
तट उघडा, पलीकडे ढोल वाजतायत,
आणि हा बसलाय, तिच्या नवऱ्याला कुठली वांगी आवडायची ते ऐकत.
उजाडताना ती स्वतःच उठली
आणि पहारीचं दुसरं टोक धरलं.

प्रत्येक चिरा तो हातानं चाचपायचा.
क्रूस कोरलेला असला की एकच शब्द:
"तोंड आत."
एक तिरंदाज हसला, सरदार,
जगात सगळे भिंतीची चांगली बाजू बाहेर ठेवतात.
"बाहेर बाण लागतात," तो म्हणाला.

बाविसाव्या दिवशी पुरुषभर उंचीचा दगड हवा होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
सगळ्यांनी पाहिलं.
माझ्या अंगणात शुशानची शिळा उभी होती.
सहा वर्षांची पोर, तीन दिवसांचा ताप,
आणि त्यावर माझे दोन उन्हाळे:
मधोमध क्रूस, भोवती द्राक्षाचा वेल,
खालच्या कोपऱ्यातलं एक पान अजून कोरायचं.
मी काही बोललो नाही. पाचर घेतली.
बैल केव्हाच खाऊन झाले होते;
त्यानं दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला,
आणि तटापर्यंत कुठेही टेकू दिली नाही.

"पान राहिलंय," तो म्हणाला. त्याला दिसलं होतं.
"वेढा उठला की कर."
मग त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो,
तोंड आत.

त्या रात्री तो तिला पाठ टेकून झोपला.
घोरत होता. स्तोत्रात घोरायचा, तसाच.

शहर पडलं ते दुसरीकडून,
जिथला तट शाबूत होता आणि माणसं निघून गेली होती.
पुढचं मी पाहिलं तेवढं पुरे आहे, मागू नका.
निर्वासितांच्या रांगेतून एकदा मान वळवली:
धूर, आणि धुरात आमचं ठिगळ,
काळा दगड, तांबडा दगड, पायरी, उंबरा,
एकही चिरा हललेला नाही.
त्याच्यासमोर हमाझास्प होता की नुसती त्याची ढाल, इतक्या लांबून कळलं नाही.

इथला दगड पांढरा, मऊ. टाकी धरत नाही.
तरी रिकाम्या वेळी एक पान कोरतो,
बोटाएवढं, मग पुसून टाकतो.
पोरं विचारतात, आजोबा, तो संत होता ना?
मी म्हणतो, घोरायचा.
त्यांना ते पटत नाही.